शके १ मधली राख आणि भोकरदनची बाई

मागच्या अंकात भोकरदनच्या एका वाचकाचा चार ओळींचा प्रश्न छापला होता, इटलीत पॉम्पेईला सापडलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातली आहे का, आणि मीही चार ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो. तीच चूक झाली. महिनाभर मेसेज थांबायला तयार नाहीत, कुणी ज्वालामुखीचं विचारतंय, कुणी शकाचं, एका काकांनी तर चीनचं विचारलंय, पण सगळं फिरून फिरून एकाच सालावर येतंय, इसवी सन ७९, व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून पॉम्पेई राखेत गाडलं गेलं ते साल. म्हणलं ठीकंय, या वेळचं सदर सगळंच्या सगळं त्या एका सालाला देऊन टाकू. सातबाऱ्याचे आणि वाटणीपत्राचे जे प्रश्न चुकून माझ्याकडं आलेत ते शेजारच्या पानावरच्या वकीलसाहेबांकडं सरकवलेत, काळजी करू नका.

प्रश्न : सर नमस्कार. तुम्ही लिहिलं की ती मूर्ती भोकरदनची "असू शकते". आमच्याकडं मित्रमंडळ फ्लेक्स लावायच्या तयारीत आहे. असू शकते म्हणजे काय, आहे का नाही ते एकदाचं सांगा ना.
एक विद्यार्थी, भोकरदन

उत्तर : फ्लेक्सवाल्याला दोन दिवस थांबव बाबा, आधी ऐकून घे.

१९३८ साली पॉम्पेईच्या खोदकामात एका घरात ही बाई सापडली. उंची साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या कंपासमधल्या नाही पण शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमी. अंगावर कपडा जवळपास नाहीच, पण दागिने बघशील तर आपल्याकडच्या लग्नातली करवली मागं पडंल, हातात ओळीनं बांगड्या, पायात एकावर एक वाळे, कमरेला पट्टा, गळ्यात माळा, आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी साजशृंगाराचं सामान घेऊन उभ्या. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, त्यामुळं ती पूजेची मूर्ती नव्हती, आरशाची मूठ असावी किंवा छोट्या टेबलाचा पाय असावा असं म्हणतात. सापडली तेव्हा लोकांनी लक्ष्मी म्हणलं आणि तेच नाव चिकटलं, पण लक्ष्मीच्या ठरलेल्या खुणा काही नीट जुळत नाहीत म्हणून आता बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. सध्या ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे.

आता तुमचं गाव. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, केळणा नदीकाठचं. हे नाव सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या शिलालेखांत आहे, तिथं दान दिलेल्यांमध्ये भोगवर्धनची माणसं आहेत, म्हणजे गाव साधं नव्हतं, लोकांकडं लांब जाऊन दान करायला पैसा होता. १९७३ च्या उत्खननात इथं हस्तिदंताची त्याच धाटणीची बाई मिळाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशीच एक मिळालीय. चेहरा, दागिने, उभं राहण्याची ढब, फोटो शेजारी शेजारी ठेवले की आपण आपसूक "अरे!" म्हणतो, मी पण म्हणलो होतो.

पण. पॉम्पेईच्या मूर्तीवर एक अक्षर कोरलंय आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, गांधारकडची, उजवीकडून डावीकडं लिहायची. आपल्याकडं ब्राह्मी चालायची. शिवाय अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंताचा मोठा साठा सापडलाय, आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर तर लिहूनच ठेवलंय की हे कोरीव काम विदिशाच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. म्हणजे दावेदार लई आहेत. माझं मत विचारशील तर मूर्ती दख्खनमध्ये घडली असायची शक्यता चांगली आहे पण पक्कं म्हणायला ते एक अक्षर आडवं येतं. फ्लेक्सवर "आमच्या गावची बाई" लिहू नका, "आमच्या गावच्या बाईची बहीण इटलीत" असं लिहा, ते कुणी खोडून काढू शकणार नाही.

प्रश्न : मी आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. ज्वालामुखीच्या त्या दिवसाचं एवढं बारीक वर्णन मिळतं ते पाहिलं कुणी आणि लिहिलं कुणी? आणि तारीख २४ ऑगस्ट की ऑक्टोबर? मुलं मोबाइल दाखवून मलाच क्रॉस करतात.
एक शिक्षिका, परभणी

उत्तर : ताई, ही गोष्ट मामा-भाच्याची आहे, मुलांना तशीच सांगा, कधी विसरणार नाहीत.

मामा म्हणजे थोरला प्लिनी. रोमच्या आरमाराचा अधिकारी, व्हेसुव्हियसपासून साधारण ३० किलोमीटरवर मिसेनमच्या बंदरावर पोस्टिंग, आणि पुस्तकांचा किडा इतका की जगातलं सगळं ज्ञान ३७ भागांत लिहून काढलेलं. भाचा म्हणजे धाकटा प्लिनी, १७ वर्षांचा, आईसोबत मामाकडं राहायला. दुपारी एकच्या सुमारास आईनं दाखवलं की डोंगराकडं विचित्र ढग उठलाय. भाच्यानं पुढं लिहिलंय की तो ढग पाइनच्या झाडासारखा होता, सरळ उंच खोड आणि वर फांद्या पसरलेल्या. (इटलीतलं पाइन छत्रीसारखं असतं, आपण बाभळीची छत्री डोळ्यासमोर आणायची.) मामा तेव्हा ऊन खाऊन, गार पाण्यानं अंघोळ करून, जेवण उरकून पुस्तक घेऊन पडला होता. उठला, जोडे मागवले, म्हणला जवळून बघू. भाच्याला विचारलं येतोस का, तर भाचा म्हणला नको, मला अभ्यास आहे! वर्गात हे वाक्य आलं की एकदा थांबा, मुलं हसतात, आणि नंतर त्यांच्या लक्षात येतं की अभ्यासानं पोराचा जीव वाचवला. (पालकांनी याचा गैरफायदा घेऊ नये.)

निघता निघता डोंगराखाली अडकलेल्या एका बाईची चिठ्ठी आली, वाचवा म्हणून, आणि बघायला निघालेला माणूस मोठी जहाजं घेऊन सोडवायला निघाला. किनाऱ्याला लागता येईना, राख आणि हलके दगड जहाजावर पडायलेले, सुकाणूवाला म्हणतोय परत फिरा, हा फिरला नाही, पुढं स्टॅबिए नावाच्या गावी मित्राच्या घरी उतरला. मित्र घाबरलेला, तर त्याला धीर यावा म्हणून यानं निवांत अंघोळ केली, जेवला आणि झोपला पण, आणि खरंच झोपला कारण दाराबाहेरच्या लोकांना घोरणं ऐकू येत होतं, गडी अंगानं जाड होता. अंगणात राखेचा थर चढत चालला तसं उठवलं, नाहीतर दार उघडलंच नसतं. सगळ्यांनी डोक्यावर उशा बांधल्या आणि किनाऱ्याकडं गेले. तिथं मामा शिडाच्या कापडावर आडवा झाला, दोनदा गार पाणी मागितलं, आणि परत उठला तो कोसळायलाच. नंतर उजेड पडला तेव्हा देह सापडला, अंगावर जखम नाही, मेल्यापेक्षा झोपल्यासारखाच दिसत होता असं भाचा लिहितो.

इकडं मिसेनमला भाचा आणि आई घर सोडून निघाले. आई म्हणाली तू तरुण आहेस, पळ, मला म्हातारीला सोड. यानं हात धरला आणि ओढत घेऊन गेला. मग अंधार, आणि तो अंधार अमावस्येचा नाही तर बंद खोलीत दिवा विझवल्यावर होतो तसला. बाया ओरडायल्या, लेकरं रडायली, कुणी देवाला हात जोडायलं आणि त्याहून जास्त लोक म्हणायले की आता देवच उरले नाहीत. हे सगळं त्यानं पंचवीसेक वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराला दोन पत्रांत लिहून पाठवलं, टॅसिटसनं मामाबद्दल विचारलं होतं म्हणून. ती दोन पत्रं म्हणजे आपला साक्षीदार.

तारखेचं : २४ ऑगस्ट ही त्या पत्राच्या नकलांमधून आलेली तारीख आहे, आणि नकला हातानं उतरवलेल्या, सगळ्यांत एकच तारीख नाही. २०१८ मध्ये पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशानं खरडलेली तारीख मिळाली, ती आपल्या हिशोबानं १७ ऑक्टोबर होते. साल लिहिलेलं नाही, पण कोळशाचं लिखाण भिंतीवर फार काळ टिकत नाही असं म्हणतात, त्यामुळं ते त्याच शेवटच्या ऑक्टोबरातलं असावं, आणि शरद ऋतूतली फळं वगैरे पण सापडलीत. मला ऑक्टोबर पटतं. परीक्षेत मात्र पुस्तकात जे छापलंय ते लिहायला सांगा, मार्क पुस्तकाचे असतात.

प्रश्न : साहेब, आमचं घर किल्लारीच्या भूकंपात गेलं. तेव्हा मी नऊ वर्षांची. पॉम्पेईच्या लोकांना आधी काहीच कळलं नव्हतं का?
एक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, आमच्याकडंही मांडणीवरचे डबे वाजले आणि आजी "उठा रे" म्हणून ओरडली ते अजून कानात आहे, पण आमचं घर उभं राहिलं, तुमचं नाही राहिलं.

पॉम्पेईला कळलं होतं आणि नव्हतं पण. इसवी सन ६२ च्या सुमारास तिथं मोठा भूकंप झाला होता, देवळं, घरं पडली. १७ वर्षांनी, ७९ मध्ये, अजून डागडुजी चाललेलीच होती, उत्खननात चुन्याचे ढीग आणि अर्धवट रंगवलेल्या भिंती मिळाल्यात, रंगारी काम टाकून पळाले तसेच. आणि भाचा प्लिनी स्वतः लिहितो की आधी कित्येक दिवस जमीन हलत होती पण त्या भागात ते नेहमीचंच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तुम्हाला आठवत असंल, किल्लारीलाही १९९२ मध्ये महिनो न् महिने धक्के बसत होते, लोक बाहेर झोपायचे, मग हळूहळू परत आत झोपायला लागले. तेच. माणूस रोज घाबरून राहू शकत नाही.

आणि पॉम्पेईवाल्यांना तो डोंगर पेटतो हेच ठाऊक नव्हतं. उतारावर द्राक्षाचे मळे होते, माती कसदार होती, इतक्या पिढ्यांत तो कधी उसळला नव्हता. मेलेल्यांचं सांगायचं तर पॉम्पेईत आजवर हजारावर देह सापडलेत. राख अंगाभोवती घट्ट झाली, आतला देह संपला, पोकळी राहिली, आणि १८६३ मध्ये फिओरेल्ली नावाच्या अधिकाऱ्यानं त्या पोकळीत प्लास्टर ओतून माणसांचे आकार बाहेर काढले. शेजारच्या हर्क्युलेनियमला समुद्राकाठच्या कमानींखाली सुमारे ३०० जण होडीची वाट बघत गेलेले सापडले. फोटो बघायचे का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी एकदा बघितले, परत उघडले नाहीत.

प्रश्न : त्या लोकांना माहीत होतं का की आपण ७९ सालात राहतोय?
व्हॉट्सॲपवरून, बीड

उत्तर : नाही. इसवी सन मोजायची कल्पनाच ५२५ मध्ये डायोनिसियस नावाच्या साधूनं काढली. रोममध्ये सालाला नंबर नव्हता, त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची, म्हणजे सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांची, नावं घ्यायचे, हे "व्हेस्पेशियन नवव्यांदा आणि टायटस सातव्यांदा" कॉन्सल असलेलं साल. सम्राट आणि त्याचा पोरगा, बापलेकच, बाहेरचं कुणी नाही. चीनमध्ये ते सम्राट झांगच्या जियानचू नावाच्या कालगणनेचं चौथं वर्ष. आपल्याकडं सातवाहन राजे आपापल्या राज्याचं कितवं वर्ष तेवढंच लिहायचे.

प्रश्न : महोदय, ७९ मधून ७८ वजा केले की १ उरतो. म्हणजे हे सर्व शके १ मध्ये घडले. शक आमच्या पैठणच्या शालिवाहनाने सुरू केला. याचा उल्लेख आपण कधीच कसा करत नाही?
एक निवृत्त मुख्याध्यापक, पैठण

उत्तर : गुरुजी, हिशोब तुमचा बरोबर आहे, पाडव्यानंतरचं साल वजा ७८. इसवी २०२५ चा शके १९४७, तसंच ७९ चा शके १. व्हेसुव्हियस ऑगस्टात फुटला काय नि ऑक्टोबरात फुटला काय, पंचांगात शके १ च. हे मला तुमचं पत्र येईपर्यंत सुचलं नव्हतं, कबूल करतो, आणि शीर्षक तुमच्याकडूनच उचललंय.

पण शालिवाहनाचं जरा अवघड आहे, राग धरू नका. कुंभाराघरी वाढलेल्या पोरानं मातीचे सैनिक केले, त्यात प्राण फुंकले आणि शत्रूला हरवलं, ही गोष्ट आपण सगळे ऐकत मोठे झालो, पैठणला तर घाटावर कुणीही सांगंल. इतिहासात मात्र हा शक आधी दिसतो तो शक नावाच्याच परक्या लोकांच्या राजांच्या, म्हणजे क्षत्रपांच्या लेखांत, कच्छमध्ये अंधौला चष्टन राजाचे लेख आहेत, एक वर्ष ११ चा आणि काही वर्ष ५२ चे, म्हणजे इसवी ८९ आणि १३०. सुरू कुणी केला त्यावर वाद आहे, काही जण कुषाणांचा कनिष्क म्हणतात, काही चष्टन. सातवाहनांनी स्वतः कधी हा शक वापरला नाही. "शालिवाहन" हे नाव त्याला लागलं ते मध्ययुगात, हजारएक वर्षांनी. म्हणजे गंमत बघा गुरुजी, ज्या शकांशी सातवाहन भांडले, नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर नाणी मिळाली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप परत मारलेला, त्याच शकांचं कॅलेंडर शेवटी सातवाहनांच्या नावावर झालं. माझ्या मते हा पण एक विजयच आहे, नाण्यावर छाप मारल्यासारखाच. २२ मार्च १९५७ पासून तर ते भारत सरकारचं राष्ट्रीय कॅलेंडर आहे, आकाशवाणीवर सकाळी ऐकतो ना आपण.

प्रश्न : त्या साली रोमचा राजा कोण होता, आणि ज्वालामुखीशिवाय त्या साली तिकडं दुसरं काही झालं का नाही?
एक वाचक, लातूर

उत्तर : झालं ना. जूनमध्ये म्हातारा सम्राट व्हेस्पेशियन वारला, वय ६९. शेतकरी वळणाचा, चिकट, आणि विनोदी माणूस. यानं रोममध्ये मुताऱ्यांतल्या लघवीवर टॅक्स लावला होता, लघवी धोबी वगैरे लोकांच्या कामाची असायची, पोरगा टायटस म्हणला हे काय भलतंच, तर बापानं त्या टॅक्सचं नाणं त्याच्या नाकाला लावलं आणि विचारलं, वास येतो का. रोममध्ये सम्राट मेला की त्याला देव करायचे, तर हा जुलाबानं अंथरूण धरून पडलेला असताना म्हणतो, "अरे बापरे, मी देव व्हायलोय वाटतं." शेवटी सम्राटानं उभ्यानं मरावं म्हणून उठायला लागला आणि धरणाऱ्यांच्या हातात गेला. कॉलोझियम यानंच बांधायला घेतलं होतं, उद्घाटन पुढच्या वर्षी पोरानं केलं. टायटसला गादी मिळाली आणि काही महिन्यांतच व्हेसुव्हियस. तो दोनच वर्षं टिकला, ८१ मध्ये गेला.

आणि एक बारकं. ब्रिटनमध्ये चेस्टरला त्याच साली रोमन छावणीत पाण्याची शिशाची पाइपलाइन पडली, पाइपावर साल (म्हणजे तेच नवव्यांदा-सातव्यांदा) आणि गव्हर्नर ॲग्रिकोलाचं नाव ओतलंय, पाइप आजही आहेत. आमच्या गल्लीत योजनेचा फक्त नावाचा दगड शिल्लक आहे, पाइप अजून यायचेत.

प्रश्न : तुम्ही लोक नेहमी रोम रोम करता. चीनमध्ये त्या वर्षी काही घडले नाही काय?
एक ज्येष्ठ वाचक, नांदेड

उत्तर : काका, मान्य. हान घराण्याचा सम्राट झांग, राजधानी लोयांग. त्या वर्षी त्यानं राजवाड्यातल्या पांढऱ्या वाघाच्या दालनात देशभरचे पंडित बोलावले, कारण कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ग्रंथांचे अर्थ जो तो आपापले लावायलेला, आणि सम्राट स्वतः बसून कुठला अर्थ धरायचा ते ठरवत होता. बान गू नावाच्या इतिहासकारानं ती चर्चा लिहून ठेवली. टीव्हीवरच्या डिबेटपेक्षा नक्कीच बरी असणार, निदान निकाल तरी लागत होता.

त्याच वर्षी राजमाता मा वारल्या. सम्राटाची सांभाळणारी आई, स्वतः जाड्याभरड्या कापडात राहायच्या, आणि पोरगं मामांना जहागिरी देतो म्हणायचं तर या अडवायच्या, म्हणायच्या, माहेरच्या दारात गाड्यांची रीघ नदीसारखी लागलीय, आणखी कशाला देता. शेवटी ७९ मध्ये त्यानं मामांना जहागिरी दिल्याच आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मामा-भाचे या सालात जास्तच झालेत.

प्रश्न : रामराम. आम्ही तेरचे. पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, नांगर लागला की खापरं, मणी निघतात, आज्याच्या काळी तर टोपलीनं निघायचे. तिकडच्या गावात भाकरी पण सापडली म्हणतात दोन हजार वर्षांची. मग त्याच साली आमच्या गावात काय चाललं होतं ते का कुणी सांगत नाही?
एक शेतकरी, तेर

उत्तर : रामराम दादा. सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं.

जे सांगता येतं ते आधी. तुमचं गाव म्हणजे तगर. १९०१ मध्ये फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ते पक्कं केलं. त्याच शतकात, ७९ च्या थोडं मागंपुढं, एका ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्याकडच्या बंदरांपर्यंतची माहितीची वही लिहिली, त्यात आहे की भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड जातात, तगरहून साधं कापड ढिगानं, मलमल, आणि किनाऱ्याकडून आलेला माल. सगळं बैलगाड्यांतून, जिथं धड रस्ता नाही तिथून भडोचला, आणि मग मोसमी वाऱ्यावर जहाजानं इजिप्तला, पुढं रोमला. म्हणजे ७९ च्या पावसाळ्याआधी तुमच्या गावातून कापडाच्या गाठी लादून गाड्या निघाल्या असणार, तेरणाकाठच्या कापसाचं सूत कुणा बाईनं कातलेलं असणार. हे "असणार" आहे, पण भक्कम असणार आहे.

तो मामा प्लिनी, किनाऱ्यावर गेला तो, त्यानं आपल्या पुस्तकात तक्रार करून ठेवलीय की हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो आणि त्यांचा माल इथं शंभरपट भावानं विकला जातो. शंभरपट! शेतात काय भाव आणि शहरात काय भाव, हे रडगाणं तेव्हापासूनचं आहे, फक्त रडणारा तेव्हा गिऱ्हाईक होता. आणि हा माणूस मेला तो त्याच डोंगराखाली जिथं आपल्याकडचीच एक हस्तिदंती बाई एका घरात राखेत गाडली जात होती.

तुमच्याकडं मातीची लॉकेटं सापडलीत, बघितली असतील म्युझियममध्ये, रोमन नाण्यावरचा राजाचा चेहरा मातीत उठवलेला आणि वर दोरा ओवायला भोक. सोन्याचं नाणं परवडणारं नाही, मग मातीचं करून गळ्यात घालायचं. म्हणजे तगरच्या एखाद्या पोरीच्या गळ्यात रोमचा बादशहा लटकत होता आणि त्याचं नाव तिला माहीत नसणार. मला त्या हस्तिदंती बाईपेक्षा ही मातीची लॉकेटं जास्त आवडतात.

आता तुमचं "का सांगत नाही". भाकरीचं खरंय, पॉम्पेईत एका भट्टीत ८१ पाव जळून कोळसा झालेले तसेच मिळाले, आठ फोडींच्या खुणांसकट. कारण ते गाव एका दिवसात झाकलं गेलं आणि ते गाव परत उभं राहिलं नाही. तेरला तसं झालं नाही दादा. त्या दिवशीची भाकरी तुमच्या लोकांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी परत चूल पेटवली, घर पडलं तर त्याच मातीवर दुसरं बांधलं, असं दोन हजार वर्षं. मधी गोरोबाकाका होऊन गेले, त्यांनी तीच माती तुडवून मडकी केली. आणि आपण मराठवाड्याच्या लोकांनी पांढरीचं काय केलंय ते तुम्हाला सांगायला नको, खत म्हणून गाड्याच्या गाड्या शेतात टाकली, दरवर्षी मिरगाच्या आधी धाब्यावर टाकली गळू नये म्हणून. माझ्या आजोळी दरसाल टाकायचे, त्या मातीत बांगडीचे तुकडे असायचे, शंखाचे, काचेचे, आम्ही पोरं वेचून गोट्यांसारखे खेळायचो आणि हरवून टाकायचो. एखाद्या सातवाहन बाईचा सगळा डबा मी एकट्यानं हरवला असंल.

त्याला कुणाला दोष द्यायचा? गळकं घर कुणाला चालतं. उलट तुमच्याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरेंनी लोकांच्या हातातून असल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, हजारोंनी, लोक हसत असतील तेव्हा, आणि आज तेरचं सरकारी म्युझियम त्यांच्याच नावानं आणि त्यांच्याच गोळा केलेल्यावर उभं आहे. तुमच्या गावचं ७९ साल जेवढं उरलंय त्यातलं बरंचसं त्या कपाटांत आहे. पोरांना घेऊन जा, काचेजवळ जाऊन बघा, केओलिन मातीच्या पांढऱ्या बाहुल्या आहेत, त्यांची केशरचना बघा, हल्लीच्या पार्लरवालीला जमणार नाही.

प्रश्न : शेतात जुनं नाणं सापडलंय, तांब्याचं वाटतं, एका बाजूला हत्तीसारखं काहीतरी. किंमत किती येईल? नाव छापू नका.
नाव राखून ठेवलंय

उत्तर : हत्ती असंल तर सातवाहनांचं असू शकतं, त्यांच्या बऱ्याच नाण्यांवर सोंड वर केलेला हत्ती असतो, पण फोटो धूसर आलाय. किंमत मी सांगणार नाही, आणि मोबाइलवर जे लाखाचे आकडे फिरायलेत ते सांगणारे लोक आधी तुमच्याकडूनच रजिस्ट्रेशन फी मागतात. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, जमिनीत मिळालेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असली की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, तहसीलमध्ये जाऊन अर्ज द्या आणि पोच घ्या. कुठल्या गटात, किती खोलीवर, शेजारी काय होतं, खापर होतं का राख होती, ते आजच वहीत लिहून ठेवा, नाण्यापेक्षा त्या चार ओळी महाग आहेत. परत एक फोटो पाठवा, उन्हात नको सावलीत काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळंल. आणि हात जोडून सांगतो, चिंच लावून घासू नका.